गोष्टीतून घडलेलं सामान: अंतराळातल्या ऑनलाइन खेळात गटाची लोर, म्हणजे पार्श्वकथा, रचायची आणि तिच्यातून वस्तू घडवायची पद्धत

अंतराळावर बेतलेल्या कुठल्याही मोठ्या ऑनलाइन खेळात एकाच जातीची हजारो यानं असतात. आकडे तेच, किंमत साधारण तीच. तरी ‘ईव्ह ऑनलाइन’ खेळणाऱ्या जुन्या माणसासमोर ‘स्टीव्ह’ म्हणून बघा, तो लगेच कान टवकारेल. त्या खेळात खेळाडूंनी बांधलेलं टायटन या सगळ्यांत मोठ्या जातीचं पहिलं यान ते. डिसेंबर २००६ मध्ये ते पाडलं गेलं, आणि त्याचा सांगाडा सी९एन-सीसी नावाच्या सूर्यमालेत स्मारक म्हणून कायमचा ठेवला गेला. पुढं टायटन ढिगानं बांधली गेली, ढिगानं फुटली. सांगाडा बघायला वाट वाकडी करून जावं असं वाटतं ते स्टीव्हसाठी.

असं सामान आपल्या गटालाही घडवता येतं. त्यासाठी खेळ बनवणारी कंपनी असावी लागत नाही, कोडिंग यावं लागत नाही. एक गोष्ट मात्र पक्की धरून चालायची: वस्तूची कृती हीच तिची गोष्ट असली पाहिजे. आधी तलवार बनवली आणि मग तिच्यावर ‘प्राचीन राजाची तलवार’ असं लेबल डकवलं, तर ते लेबल आठवड्याभरात कोणाच्या लक्षात राहत नाही. तलवार बनवायला जे-जे लागलं ते गटानं मिळवलेलं, गमावलेलं, भांडून घेतलेलं असेल तर वेगळं काही सांगावंच लागत नाही.

हा लेख कोल्हापुरातल्या पाच ते बारा जणांच्या गटाला समोर ठेवून लिहिलाय. कोणी राजारामपुरीत, कोणी शिवाजी पेठेत, कोणी शिरोलीला शिफ्ट संपवून रात्री साडेदहाला हेडफोन लावणारा. याहून मोठा गट असेल तर त्याचे दोन करा. बारा माणसांच्या वर गेलं की निम्मे नुसते ऐकत बसतात.

आधी खेळ काय करू देतो ते बघा

बहुतेक खेळांत खेळाडूला नव्या जातीची वस्तू तयार करता येत नाही. ब्लूप्रिंट, म्हणजे वस्तू बनवायचे आराखडे, कंपनीच्या, कच्चा माल ठरलेला. त्यामुळं आपली ‘घडवलेली वस्तू’ तीन थरांची असते: खेळातली खरी वस्तू, तिला दिलेलं नाव, आणि गटाच्या दफ्तरातली तिची नोंद. तिन्ही थर लागतात. नोंद आहे पण खेळात वस्तूच नाही, तर ती नुसती कथा झाली. वस्तू आहे पण नोंद नाही, तर ते नुसतं सामान.

‘ईव्ह ऑनलाइन’ २००३ पासून चालू आहे आणि जगभरचे बहुतेक खेळाडू एकाच विश्वात खेळतात. यानाला नाव देता येतं, माल ठेवायच्या कंटेनरला नाव देता येतं. यान फुटलं की खेळ आपोआप ‘किलमेल’ बनवतो: यानावर काय-काय बसवलं होतं, कोणी मारलं, कुठल्या सूर्यमालेत, किती वाजता. बखर लिहिणाऱ्याला याहून चांगला पुरावा मिळत नाही. एक मेख मात्र आहे. यान विकायला किंवा साठवायला ‘रीपॅकेज’ केलं की त्याचं नाव पुसलं जातं. गटातल्या नव्या माणसाला हे पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर हँगर, म्हणजे यानं आणि माल ठेवायचं कोठार, आवरायच्या उत्साहात कोणीतरी सगळा इतिहास गुंडाळून टाकेल.

‘नो मॅन्स स्काय’ (२०१६) नावं देण्याच्या बाबतीत सगळ्यांत उदार. जो पहिला पोचला त्यानं सूर्यमालेला, ग्रहाला, झाडाला, प्राण्याला नाव द्यावं. शिवाय रिफायनर आहे, त्यामुळं माल वितळवून दुसरा माल करण्याची पायरी खेळातच मिळते. लांबच्या ग्रहावर नेणाऱ्या दाराला पोर्टल म्हणतात, त्याचा पत्ता बारा चिन्हांचा असतो, आणि ती चिन्हं एकूण सोळा प्रकारची. हा पत्ता कागदावर लिहून ठेवता येतो, म्हणजे जागेला पुन्हा जाता येतं. उणीव एकच: तिथले ग्रह सूर्याभोवती फिरत नाहीत, जागच्या जागी असतात. त्यामुळं ग्रहणं, युत्या असल्या आकाशातल्या मुहूर्तांवर गोष्ट बांधता येत नाही.

ते करायचं असेल तर ‘एलिट डेंजरस’. आपली आकाशगंगा तिच्या खऱ्या आकारात, सुमारे ४०० अब्ज सूर्यमाला, आणि ग्रह-उपग्रह खरोखर आपापल्या कक्षेत फिरतात. ग्रहण खरंच लागतं, आणि चुकलं तर चुकतं.

‘वॉरफ्रेम’ या खेळात वस्तू घडवायच्या जागेचं नावच ‘फाउंड्री’, म्हणजे ओतकामाचा कारखाना, आहे, हे शिरोली-गोकुळ शिरगावच्या पोरांना आवडेल. तिथं साधारण शस्त्राला १२ तास आणि अख्ख्या वॉरफ्रेमला (खेळाडू चालवतो तो लढाऊ सांगाडा) ३ दिवस थांबावं लागतं. हे थांबणं गोष्टीला फार उपयोगी पडतं, पण नावं देण्याची मोकळीक तितकी नाही.

गट नवा असेल तर ‘नो मॅन्स स्काय’ घ्या. भांडणाची आवड आणि कातडी दोन्ही जाड असेल तर ‘ईव्ह’. कॉम्प्युटर जुना असेल, चौघांकडे फक्त मोबाइल असेल, तर डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर एक चॅनल, गुगल शीट आणि सहा बाजूंचा फासा एवढ्यावरही सगळं चालतं. पुढच्या पायऱ्या तिथंही तशाच लागू होतात.

पायरी पहिली: बखरकार नेमा, आणि आधी घडू द्या

बरेच गट पहिल्याच रात्री दहा पानी इतिहास लिहायला बसतात. दहा हजार वर्षांपूर्वीचं साम्राज्य, सात घराणी, शापित तारा. शेव-फरसाण ताटभर आणि कट नाही, अशी ती मिसळ होते. लिहिणाऱ्याशिवाय कोणी वाचत नाही.

त्याऐवजी पहिले तीन-चार आठवडे नुसतं खेळा आणि एका माणसाला लिहायला बसवा. त्याला बखरकार म्हणा, कारकून म्हणा, काहीही. हा माणूस उत्तम लेखक नसला तरी चालतं, खरं तर नसलेलाच बरा. त्याला आळस नसावा एवढंच. प्रत्येक घटनेच्या त्यानं चार ओळी लिहायच्या: कुठं झालं, कोण होतं, काय गेलं, काय उरलं. पाचवी ओळ ऐच्छिक, आणि ती फार कामाची: कशाचा उलगडा झाला नाही.

घटना म्हणजे मोठी लढाईच असायला हवी असं नाही. ‘ईव्ह’मधली जानेवारी २०१४ ची बी-आर५आरबी या सूर्यमालेतली लढाई सुमारे २१ तास चालली आणि ७५ टायटन गेली. तिला कारण काय झालं? त्या सूर्यमालेच्या ताब्यासाठी भरायचे पैसे वेळेवर भरले गेले नाहीत, ताबा सुटला, आणि समोरचा आत घुसला. कुठली भविष्यवाणी नाही, शाप नाही. बिल थकलं. असं कारण लेखकाला सुचत नाही, ते घडावं लागतं. तुमच्या गटातही हेच बघा: कोण इंधन भरायला विसरला, कोणी शब्द दिला आणि पाळला नाही, कोणी अनोळखी माणसाला फुकट सोडवून आणलं. उधारी, विसर, वचन, चूक. यातून जितकं सामान घडतं तितकं विजयातून घडत नाही.

वेळ लिहिताना एक नियम करा. ‘ईव्ह’चं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर चालतं. आपल्याकडं रात्री साडेदहा म्हणजे खेळात १७:००. सर्व्हर रोज ११:०० ला थोडा वेळ बंद होतो, म्हणजे आपली दुपारी साडेचार. बखरीत दोन्ही वेळा लिहा, कारण सहा महिन्यांनी किलमेलशी ताळा करायचा झाला की साडेपाच तासांचा घोळ हमखास होतो.

पायरी दुसरी: चौकट लहान, आणि एक दार उघडं

आता लोर. सुरुवातीला तीन गोष्टी ठरवा आणि एक मुद्दाम ठरवू नका. तीन म्हणजे: आपण कोण, आपण इथं कसे आलो, आपल्यावर कोणाचं काय देणं आहे. चौथी गोष्ट, जी उघडी ठेवायची, ती गटातल्या प्रत्येकाला खाजवत राहिली पाहिजे.

उघडं दार काय करतं याचं उत्तम उदाहरण ‘एलिट डेंजरस’मधलं जॅक्स स्टेशन. २०१६ मध्ये हे अख्खं स्टेशन लांबच्या उडीला निघालं आणि मधेच गायब झालं. ते कुठं गेलं हे कंपनीनं सांगितलं नाही. खेळाडूंनी शोधलं. पृथ्वीपासून सुमारे २२,००० प्रकाशवर्षांवर, मोडक्या अवस्थेत. मग लोक तिकडं माल वाहायला लागले, दुरुस्ती झाली, आणि पुढं त्या भागात कोलोनिया नावाची वस्तीच उभी राहिली. पत्ता आधीच जाहीर केला असता तर तिथं कोणी घर बांधायला गेलं असतं असं मला वाटत नाही.

कोल्हापुरी गटात इथं हटकून एक गोष्ट होते. कोणीतरी यानाला ‘तांबडा रस्सा’ नाव देतो, दुसऱ्याचं ‘पांढरा रस्सा’, तिसरं ‘नाद खुळा’. गंमत म्हणून ठीक, एक रात्र हसू येतं. पण गावातून घ्यायचंच असेल तर नावं घेऊ नका, कामाची रीत घ्या. आपल्याभोवती वस्तू घडवायच्या इतक्या पद्धती आहेत की परग्रहावरचे कारागीर कसे काम करतात हे कल्पनेनं रचायची गरज पडत नाही.

कोल्हापूरच्या बाजारात ज्या गुळाच्या ढेपा येतात त्यांचंच बघा. गुऱ्हाळावर रस काहिलीत चढतो, खाली चुलवाणात वाळलेलं चिपाड जळतं, भेंडीच्या चिकानं मळी वर येते आणि काढली जाते. पण काहील कधी उतरवायची हे ठरवणारा एकच माणूस असतो, गुळव्या. पाण्यात थेंब टाकून, बोटांनी चोळून तो सांगतो, आता. त्याच्या आधी उतरवली तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर करपतो. तुमच्या गटात असा गुळव्या नेमा. वस्तू पुरी झाली की नाही हे फक्त त्यानं सांगायचं, आणि ज्याला ती वस्तू मिळणार आहे तो त्या वेळी गुळव्या नसावा. हा एक नियम लावला तरी ‘माझं झालं, मला द्या’ ही कटकट निम्मी होते.

पायरी तिसरी: कृती लिहा

इथं सगळ्यांत जास्त वेळ घाला.

कृतीतल्या जिन्नसांचे चार प्रकार ठेवा: जागा, वेळ, माणूस आणि नुकसान. चारही प्रकार प्रत्येक वस्तूत असलेच पाहिजेत असं नाही, पण नुकसान कधी गाळू नका. ज्या वस्तूसाठी कोणाचं काही गेलं नाही ती बाजारातून विकत घेतल्यासारखी वाटते.

जागेचा जिन्नस सोपा. ‘नो मॅन्स स्काय’मध्ये तांबं बऱ्याच ग्रहांवर मिळतं, आणि रिफायनरमध्ये दोन भाग तांब्याचं एक भाग क्रोमॅटिक मेटल होतं. गटाचा नियम असा करा की या वस्तूचं तांबं फक्त त्याच ग्रहावरचं चालेल जिथं आपलं पहिलं यान पडलं. २०० घ्या, १०० मिळेल. खेळाला या तांब्यात आणि त्या तांब्यात फरक कळत नाही, कळायची गरजही नाही. नेणाऱ्याबरोबर एक साक्षीदार जातो आणि दोघांची नावं नोंदीत येतात.

जिन्नसाच्या मागं खरं विज्ञान असेल तर तो आणखी भरीव होतो. लोखंडी उल्का कापून आम्लानं धुतली की तिच्यात एकमेकांना छेदणाऱ्या पट्ट्यांची नक्षी दिसते. लोह आणि निकेलचा गाभा लाखो वर्षांत अतिशय सावकाश थंड झाला तरच ती तयार होते, कुठल्याही भट्टीत ती काढता येत नाही. म्हणजे ‘ही मूठ बनवायला एका मेलेल्या छोट्या ग्रहाचा गाभा लागतो’ हे वाक्य कल्पित वाटलं तरी आधार खरा आहे. सोन्याचंही तसंच. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याच्या गुरुत्वीय लहरी पृथ्वीवर टिपल्या गेल्या, आणि अशा धडकांत सोन्यासारखे जड धातू तयार होतात हे त्या निरीक्षणांतून पुढं आलं. गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, तोळ्यावर विकलं जाणारं सोनं ताऱ्यांच्या अपघातातून आलेलं असू शकतं. यावर तुमचा गट काय-काय रचेल ते तुम्ही बघा.

वेळेचा जिन्नस जपून वापरा. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव कोल्हापुरात कोणाला सांगायला नको: ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर, मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी चरणांशी, मग वर-वर सरकत मुखापर्यंत. ढग आले तर होत नाही. धूर-धुकं, वाटेतली उंच इमारत, कशानंही अडतो. इतकी माणसं दर वर्षी तिथं उभी राहतात ती या ‘होईल की नाही’मुळं. ‘एलिट’मध्ये हाच आराखडा जसाच्या तसा बसतो. एखाद्या उपग्रहाच्या दरीत यान उतरवा, त्याचा मुख्य ग्रह सूर्यासमोरून कधी सरकतो ते मोजा, आणि कृतीत लिहा: तुकडा त्या उजेडातच जोडायचा. सगळे हजर नसतील तर चुकला, पुढच्या फेरीला या. गुळव्याला दया येते, ‘असू दे, झालं समज’ म्हणावंसं वाटतं. म्हणू देऊ नका.

माणसाचा जिन्नस म्हणजे एखाद्याचं कसब, शब्द किंवा परवानगी. ‘या यानाचं नाव ठेवायला त्याच्यावर हल्ला करणाऱ्याची संमती लागते’ असा जिन्नस ठेवून बघा. समोरच्या गटाशी बोलणं काढावं लागतं, आणि तिथून गोष्ट तुमच्या हातातून सुटून दुसऱ्यांचीही होते. मला हा प्रकार सगळ्यांत आवडतो. याला वेळ लागतो, आणि दोनदा-तीनदा शिव्या खाव्या लागतात ते वेगळं.

बिघडलेल्या ओतकामाचं करायचं काय

यशाची खात्री असेल तर घडवण्यात रस राहत नाही. म्हणून शेवटी फासा टाका: एक पडला तर दोष. पण दोष म्हणजे ‘वस्तू नष्ट, पुन्हा करा’ असं नको. उद्यमनगरात फाउंड्रीत काम करणाऱ्याला विचारा, रिजेक्शन एकाच प्रकारचं नसतं, आणि प्रत्येक प्रकार बघून काय चुकलं ते सांगता येतं. तेच दोष उचला.

ब्लो होल: साच्यात वायू अडकला, आत पोकळी राहिली. खेळात: या वस्तूच्या गोष्टीत एक माहिती खोटी आहे, कोणती ते फक्त बखरकाराला ठाऊक.

श्रिंकेज: धातू थंड होताना आकसला आणि भरायला पुरेसा रस मिळाला नाही. खेळात: ठरलेल्यापैकी एका जिन्नसाचा हिशोब लागत नाही, तो कोणीतरी वाटेत ठेवून घेतला.

कोल्ड शट: दोन बाजूंनी आलेले धातूचे प्रवाह भेटले, पण तोवर इतके निवले की एकजीव झाले नाहीत, मधे शिवण राहिली. हा दोष दोघांनी मिळून बनवलेल्या वस्तूसाठी राखून ठेवा. शिवण कोणत्या दोघांमध्ये आहे हे सगळ्यांना माहीत असतं, आणि ती वस्तू दबावाखाली कुठं तुटणार तेही.

दोष असलेली वस्तू वापरायची, फेकायची नाही. काही महिन्यांनी गटाला निर्दोष वस्तूंची नावं आठवत नाहीत, शिवणवाली बरोबर आठवते.

एक पूर्ण उदाहरण: एकवीस पानांचा साज

एकेक सुटी वस्तू घडवण्यापेक्षा वर्षभर चालणारी एक मोठी वस्तू घ्या. कोल्हापुरी साज त्याला नमुना म्हणून फार चांगला आहे. पारंपरिक साजात २१ पानं धरतात: दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, दोन माणिक-पाचूची आणि शेवटचं डोरलं. आतून लाख भरलेले सोन्याचे मणी आणि मधेमधे चंद्र, मासा, कासव, शंख, नाग अशी पानं. प्रत्येक पान वेगळं, आणि माळ एकच. गटानं एका वर्षात २१ पानं मिळवायची, प्रत्येक पान एका घटनेचं.

‘ईव्ह’मध्ये हे करायचं तर गटाच्या हँगरमध्ये २१ कंटेनर, प्रत्येकाला पानाचं नाव आणि आत त्या घटनेतून उरलेलं एकच सामान. ‘नो मॅन्स स्काय’मध्ये तळावर २१ दिवे एका ओळीत, प्रत्येकाशेजारी संदेश ठेवायचं उपकरण. मणी म्हणजे मधले साधे दिवस, त्यांची वेगळी नोंद नको.

पानाची नोंद अशी दिसेल, हे मी रचलेलं आहे:

पान सातवं, कासव.
कशातून: मालवाहू यानाचा परतीचा प्रवास, इंधन संपल्यावर.
जागा: खाणपट्ट्याची बाहेरची कड, पोर्टलचा पत्ता दफ्तरात.
माणूस: दोघं. एकानं ओढून आणलं, दुसरा तीन तास गाणी म्हणत बसला.
नुकसान: अर्धा माल बाहेर सोडावा लागला. त्यात पाचव्या पानासाठी ठेवलेलं तांबं होतं.
दोष: श्रिंकेज.
उलगडा नाही: ते इंधन कोणी काढून घेतलं होतं?

यात विशेषणं नाहीत हे बघा. ‘अतुलनीय’, ‘दिव्य’, ‘महाप्रचंड’ असले शब्द नोंदीत आले की बखरकारानं निर्दयपणे कापावेत. आणि सातव्या पानाच्या नुकसानीत पाचव्या पानाचं नाव आलंय, तेही बघा. अशा धाग्यांनी माळ गुंफली जाते. विसाव्या पानापर्यंत निम्मे जिन्नस आधीच्या पानांतूनच आले पाहिजेत. शेवटच्या, एकविसाव्या पानाचा आकार मात्र आधी ठरवू नका.

पायरी चौथी: गोष्ट सगळ्यांनी सांगायची, पण एकाच वेळी नाही

आठवड्यातून एक बैठक पुरे. गटाचा शुक्रवार सोयीचा असेल तर शुक्रवार. पहिला अर्धा तास फक्त सांगणं: या आठवड्यात काय झालं. ज्याच्यावर बेतलं त्यानं सांगायचं, बाकीच्यांनी मधे फक्त प्रश्न विचारायचे. बखरकार लिहितो. मग कोणत्या घटनेतून वस्तू होऊ शकते यावर बोलणं, आणि शेवटी जमलं तर कृतीची एखादी पायरी.

दोघांची आठवण वेगळी निघाली तर दोन्ही लिहा. खरं कोणतं हे ठरवायला बसू नका. खेळातला पुरावा, म्हणजे किलमेल किंवा स्क्रीनशॉट, असेल तर तो शेजारी लावा आणि पुढं चला. एकाच लढाईच्या दोन बखरी असणं मराठी माणसाला काही नवीन नाही.

नकाराचा अधिकार प्रत्येकाला द्या, पण फक्त स्वतःच्या पात्रापुरता. ‘माझं पात्र असं करणार नाही’ चालतं, ‘तुझं पात्र असं करणार नाही’ चालत नाही. खऱ्या आयुष्यातली कर्जं, लग्नं, आजारपणं गोष्टीत ओढायची नाहीत. ओळखीच्या गटात हे फार पटकन होतं आणि मग माणूस यायचा बंद होतो.

नव्या माणसाला सगळी बखर वाचायला देऊ नका. त्याला एक वस्तू द्या, दोषवाली असेल तर उत्तम, आणि तिची नोंद वाचून दाखवा. ‘उलगडा नाही’ची ओळ त्याच्या गळ्यात घाला. आल्या दिवसापासून त्याला काम मिळतं.

नावं देवनागरीत ठेवायची असतील तर आधी एखाद्या बिनकामाच्या वस्तूवर ती लिहून बघा. काही ठिकाणी जोडाक्षरं फुटतात, काही ठिकाणी नुसते चौकोन दिसतात. तसं झालं तर खेळात रोमन आणि दफ्तरात देवनागरी.

ताकद, पैसा आणि हाव

गटाच्या वस्तूला खेळात जादा ताकद देता येत नाही, आणि आपल्या शीटवरच्या खेळात देता येत असली तरी देऊ नका. ताकद दिली की लोक गोष्ट सोडून ताकदीमागं लागतात. त्याऐवजी मान द्या: ज्याच्याकडं ती वस्तू तो बैठकीत पहिला बोलतो, मोहिमेचं नाव ठेवतो, किंवा एकदा गुळव्याचा निर्णय फिरवू शकतो. एकदाच.

खऱ्या पैशात खेळातली वस्तू विकणं ‘ईव्ह’च्या नियमांत बसत नाही आणि खातं बंद होऊ शकतं. कोणी तुमच्या स्टीव्हला पाच हजार देतो म्हणाला तरी नको.

मोठ्या गटांबरोबर काम करायची हौस असेल तर ते खेळाच्या आतूनच करा. जानेवारी २०१९ मध्ये ‘एलिट’मधल्या ‘डिस्टंट वर्ल्ड्स २’ या मोहिमेला १३,००० हून अधिक खेळाडूंनी नावं नोंदवली होती. त्या मोहिमेत खेळाडूंनी खनिज काढून पोचवलं आणि आकाशगंगेच्या मध्याजवळ, सॅजिटेरियस ए-स्टार या कृष्णविवरापाशी, ‘एक्सप्लोरर्स अँकरेज’ हे नवं स्टेशन उभं राहिलं. त्यातल्या एका फेरीची पावती, म्हणजे साधा स्क्रीनशॉट, तुमच्या साजातलं पान होऊ शकते.

पायरी पाचवी: वस्तू जाते तेव्हा

सामान फुटणार, चोरीला जाणार, खेळ सोडून जाणाऱ्याबरोबर जाणार. याचे नियम वस्तू घडायच्या आधी लिहा, फुटल्यावर लिहायला बसलात तर भांडण ठरलेलं.

फुटली तर: तीच वस्तू त्याच नावानं पुन्हा बनवायची नाही. अवशेषांतलं जे हाती लागेल ते एक, फक्त एक, पुढच्या कुठल्यातरी कृतीत नुकसानाचा जिन्नस म्हणून येतं. किलमेल नोंदीला जोडायचा आणि नोंद बंद.

माणूस गेला तर: जाताना त्यानं वारस सांगावा. न सांगता गेला तर तीन महिने वस्तू तशीच ठेवा, मग गुळव्या आणि बखरकार मिळून ठरवतील. परत आला तर वस्तू परत मागता येते, मधल्या काळात तिला चिकटलेली गोष्ट मात्र पुसता येत नाही.

दफ्तराच्या दोन प्रती ठेवा. एक शीटवर, दुसरी महिन्यातून एकदा उतरवून कोणाच्या तरी पेनड्राइव्हवर, आणि दोन्ही एकाच माणसाच्या खात्यात नकोत. डिस्कॉर्डच्या एकाच चॅनलवर सगळा भार टाकू नका. तिथं जुनं शोधणं जिकिरीचं होतं, आणि चॅनल उडवायला एक बटण पुरतं. स्क्रीनशॉटच्या फायलींना तारीख, सूर्यमाला आणि पानाचा आकडा या क्रमानं नाव द्या. ‘न्यू फोल्डर ३’मधून सातवं पान शोधत बसायला रात्री साडेबाराला कोणाला उत्साह नसतो.

पहिल्या बैठकीला एवढंच करा: बखरकार आणि गुळव्या निवडा, ‘आपल्यावर कोणाचं काय देणं आहे’ या प्रश्नाचं एका ओळीत उत्तर लिहा, आणि खेळायला जा. कृती चौथ्या-पाचव्या आठवड्याच्या आधी लिहू नका.